टायरच्या नावानं बोंब

टायरला अंगठा लावून बघणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. जालन्यात हा प्रकार गल्लोगल्ली चालतो. चहाच्या टपरीपाशी सायकल टेकवली, की कुणीतरी येणार, न विचारता पुढच्या चाकाला अंगठा दाबणार, मान हलवणार आणि निकाल देणार, "मॅडम, लई बारीक हाय. टिकायचं न्हाई." अरे, तू कोण? तुला विचारलं कुणी? अंगठ्याला कळून कळून काय कळणार, तर आत हवा आहे की नाही. वळणावर हे टायर रस्ता धरील का, ओल्या सिमेंटवर ब्रेक दाबला तर थांबेल का, सराट्याचा काटा आत शिरू देईल का, मे महिन्याच्या तापलेल्या डांबरावर रोज घासून दिवाळीपर्यंत त्याची काय दशा होईल, यातलं अंगठ्याला काय कळणार, कप्पाळ! पण लोक लावतातच. काही जण तर कलिंगड घ्यायला आल्यासारखी टिचकी मारून बघतात.

मी परतूरला शाळेत विज्ञान शिकवते. चाळिशीच्या तोंडावर सायकल सुरू केली, आणि तीही साधी नाही, खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची, रस्त्यावर पळवायची सायकल. पहिल्या आठवड्यात शाळेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसू दे म्हणलं. माझा स्वभाव मुळातच तापट. घरात म्हणतात, हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग. सायकल चालवून तो कमी होईल असं मला वाटायचं. कशाचं काय! आमचे रस्ते बघून तो दुप्पट झाला.

रस्ते म्हणजे काय सांगू. ट्रॅक्टर शेतातून निघतो आणि चाकाला चिकटलेली काळी माती डांबरावर सांडत जातो. ती वाळली की दगड, भिजली की साबण. बाभळी तोडून नेणारे फांद्या ओढत नेतात, काटे मागं आमच्यासाठी. जालन्याच्या जवळ आलं की लोखंडाच्या कारखान्यांकडं जाणारे भंगाराचे ट्रक. त्यांच्यातून तारेचे तुकडे, पत्र्याचे चिल्पे, लोखंडाचा कीस असं काय काय गळत असतं. त्या बारक्या तारेएवढा हरामखोर प्रकार दुसरा नाही. टायरात शिरते, दिसत नाही, चार दिवस गप बसते आणि मंग बरोबर उन्हाच्या तडाख्यात, जिथं सावलीला एक झाड नाही तिथं ट्यूब फोडते.

म्हणून मला टायर बघायची सवय लागली. दर रविवारी सायकल धुऊन झाली की चाक काढून मांडीवर घ्यायचं, सेफ्टी पिन घ्यायची आणि पूर्ण गोल फिरवत रबरात रुतलेला एकेक खडा उकरून काढायचा. शेजारीण म्हणायची, बाई उवा काढून राह्यल्या. म्हणू दे. चाक मांडीवर घेतल्याशिवाय टायर कळत नाही. मधला भाग गोल आहे की झिजून सपाट झालाय ते बोट फिरवलं की समजतं. कडेला बारीक चिरा पडल्यात का, बाजूनं आतले धागे दिसायला लागले का, हे उजेडात धरूनच बघावं लागतं. मागचं टायर आधी झिजतं, कारण सगळा भार आणि सगळी ओढ त्याच्यावर. पण पुढचं टायर कायम चांगलं पाहिजे. मागचं घसरलं तर माणूस कसाबसा सावरतो. पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही, थेट जमीन. हवासुद्धा आमच्याकडं दगडासारखी ठोकून भरतात. तसलं टायर खडबडीत रस्त्यावर नुसतं उड्या मारतं, रस्त्याला चिकटतच नाही. हे सगळं मी वाचून नाही शिकले. ढोपरं फोडून शिकले.

जालन्यात आमचा सायकलवाल्यांचा एक रविवारचा ग्रुप आहे. त्याला अध्यक्ष आहेत, कारण अध्यक्षाशिवाय आपल्याकडं दोन माणसं चहासुद्धा पीत नाहीत. अध्यक्ष बियाण्याच्या धंद्यातले, अंगानं भरलेले, मनानं वाईट नाहीत. पण टायरबद्दल बोलायला लागले की मला तिथून उठून जावंसं वाटतं. त्यांचा एकच निकष, पंक्चर झालं की नाही. वर्षभर ज्याचं पंक्चर झालं नाही त्याचा ग्रुपतर्फे सत्कार. शाल, नारळ, फेटा! मी डोळ्यांनी बघितलंय, एकदा तर टायरलासुद्धा हार घातला होता. आणि ते टायर कसलं, तर जाड, जड, आत पट्टी घातलेलं, बैलगाडीच्या लोखंडी धावेचा भाऊ. त्याला पंक्चर कुठून होणार? त्याच्यात काटा शिरत नाही तसा जीवही शिरत नाही. पायडल मारून मारून मांड्या भरून येतात आणि वळणावर ते लाकडासारखं ताठ राहतं. मी एकदा बोलले, "पंक्चर न होणं हा टायरचा एक गुण झाला. एकच. बाकीच्यांचं काय?" तर अध्यक्ष सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "मॅडम लई पुस्तकी बोलतात." सगळे हसले. मी त्या दिवशी सत्काराचा चहा न घेता निघाले.

आता मुद्द्याचं. माझा धाकटा भाऊ जालन्यात सरकारी कचेरीत आहे. त्याची पोरगी, माझी भाची, बारावीला. एका दिवाळीत मी सायकलवर जालन्याला गेले तर ही म्हणाली, आत्या, एक चक्कर मारून येऊ का? गेली ती गेलीच. भावजय दारात, भाऊ फोनवर, मी रस्त्यात उभी. तासाभरानं आली तर घामानं निथळलेली आणि तोंडावर असं हसू, की मला तिला रागवताच आलं नाही. मी, जिला सगळ्यांवर रागावता येतं! त्या दिवशी मला कळलं की ही पोरगी आता सायकलवरून उतरत नसते.

नाहीच उतरली. तिला सायकल मी दिली. टायर मी निवडले. मऊ रबराचे, हलके, वळणाला मांजरीसारखे धरणारे. काट्याला ते थोडे कच्चे, हे मला माहीत होतं. तिलाही सांगितलं होतं, पंक्चर काढायला शीक, पण शर्यतीत पळायचं तर टायर पळणारं पाहिजे. ती शिकली. रोज सकाळी उजाडताना भोकरदनच्या रस्त्यानं राजूरपर्यंत जायची आणि वळून यायची. दिवाळीनंतर विभागाची निवड चाचणी होती. त्यात निवड झाली तर राज्याच्या शर्यतीला. पोरीनं दुसरं काही मागितलंच नव्हतं. ना मोबाईल, ना कपडे. एवढी एक चाचणी.

आणि माझा भाऊ? तो कधी नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही. त्याच्या लेखी ती सायकल घरात नव्हतीच. जिन्याखाली त्याची स्कूटी लावायची असली आणि सायकल आडवी आली, तर तिला चार बोटं सरकवायची तसदीसुद्धा तो घ्यायचा नाही. वरून हाक मारायचा, "तुझं ते काढ." तुझं ते! पोरगी धावत यायची आणि काढायची. मी किती वेळा म्हणलं, अरे, एकदा तिच्यासोबत राजूरपर्यंत ये, स्कूटीवर ये, बघ तरी कशी पळवती. तर म्हणायचा, "बघू की ताई, जल्दी काय हाय?" जल्दी काय हाय, ह्यातच त्याची निम्मी नोकरी गेली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीचा फोन. "ताई, पोरगी पडली." कुठं, कशी, हाड मोडलं का, डोक्याला लागलं का, तिला काही सांगता येईना, नुसती रडत होती. परतूरच्या स्टेशनावर जी गाडी आली तिच्यात बसले. जालन्याला पोचेपर्यंत मी किती लोकांना मनात शिव्या दिल्या त्याचा हिशेब नाही. ट्रॅक्टरवाल्यांना, भंगारवाल्यांना, रस्ता करणाऱ्यांना, सगळ्यांना.

पोरगी पलंगावर कुशीवर पडलेली. डावा खुबा, मांडी, कोपर, सगळं सोलून निघालेलं. हाड शाबूत होतं. हेल्मेटची एक बाजू घासली होती, डोकं वाचलं होतं. मी हात लावायला गेले तर तिनं तोंड भिंतीकडं केलं. म्हणलं, "काय झालं गं?"

"घसरलं."

"कुठं?"

"राजूरच्या वळणावर."

"माती होती? वाळू? ब्रेक मारलास का?"

"न्हाई."

"मंग?"

"घसरलं, आत्या." आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली. एका दूधवाल्यानं टेम्पोतून तिला आणि सायकलीला घरी आणून सोडलं होतं.

बाहेर खोलीत भाऊ बसला होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "बस झालं आता. सायकल विकून टाकतो."

"का?"

"का म्हंजे? ती म्हणती खड्डा न्हाई, वाळू न्हाई, ब्रेक न्हाई. मंग कशानं पडली? टायरनं पडली. तुझ्या टायरनं. मी पैल्यापासून बघून राह्यलो, बोटाएवढं टायर, त्याच्यावर पोरगी. आज खुबा सोलला, उद्या ट्रकखाली गेली तर?"

पैल्यापासून बघून राह्यलो म्हणे! ज्यानं कधी मान वळवून बघितलं नाही तो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आत पोरगी होती, म्हणून ओठ दाबून बसले.

मंग निकाल देणाऱ्यांची रांगच लागली. अध्यक्षांचा फोन आला. त्यांना ग्रुपवर कळलं होतं. "मॅडम, मी म्हणलो नव्हतो? ते टायर पोरीला द्यायचं नव्हतं. जाड बसवा, बिलकुल पडायची न्हाई." गल्लीतला पंक्चरवाला भेटायला आला, त्यानं जिन्याखाली जाऊन अंगठा दाबला आणि म्हणाला, "हवा बराबर हाय, टायरच हलकं." शेजारचे आजोबा म्हणाले, बारीक टायर बायामाणसांनी वापरूच नये. भावजयीनं मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, कारण तिच्या मते पोरीला दसऱ्याच्या गर्दीत नजर लागली होती. खरं सांगते, त्या सगळ्यांत मला भावजयच शहाणी वाटली. तिनं निदान टायरला तरी दोष दिला नाही.

मी बसल्या बसल्या विचार करत होते आणि मला पुढचं दिसायला लागलं. टायर दोषी ठरलं तर सायकल विकली जाणार. आणि टायर निर्दोष ठरलं तर? मंग भाऊ म्हणणार, टायर चांगलं, रस्ता चांगला, म्हणजे पोरीलाच जमत न्हाई. तरी सायकल विकली जाणारच. दोन्हीकडून पोरीची चाचणी बुडत होती. आणि ह्या सगळ्या शहाण्यांपैकी एकानंसुद्धा चाक काढून मांडीवर घेतलं नव्हतं.

मी उठले. जिन्याखाली सायकल जुन्या चादरीखाली झाकून ठेवली होती, मेलेल्या माणसासारखी. चादर ओढून काढली. हँडलला झेंडूची माळ अजून तशीच, निम्मी तुटलेली. डावं पायडल घासलेलं, हँडलची पट्टी फाटलेली. बाकी सायकल, नवल म्हणजे, चकाचक. चाकांची एकेक तार पुसलेली. सायकल अंगणात उन्हात आणली, उलटी केली, पुढचं चाक काढलं आणि पायरीवर बसले.

मधला भाग बघितला. करडा, कोरडा, जसा असायला पाहिजे तसा. गोलाई शाबूत. एक चीर नाही, एक धागा बाहेर नाही. हवा मी सांगितली होती तेवढीच. म्हणलं, बाबा, तुझी काय चूक? मंग चाक जरा तिरकं धरलं आणि ऊन त्याच्या कडेवर पडलं. मी बघतच राहिले. कडेचा भाग काळाभोर, तुकतुकीत, नव्या बुटासारखा. त्याच्यावर रस्त्याच्या धुळीचा पट्टा चिकटलेला. दोन्ही बाजूंना. बोट फिरवलं तर बोट घसरलं. बोट नाकाला लावलं.

खोबऱ्याचं तेल! टायरला खोबरेल तेल!

क्षणभर मला हसू आलं, आणि लगेच संताप आला. कारण आता मला सगळं दिसलं. घरापासून राजूरपर्यंत रस्ता बहुतेक सरळ. सरळ रस्त्यावर टायरचा फक्त मधला भाग टेकतो. तिथलं तेल पहिल्या थोड्या अंतरातच घासून, धूळ खाऊन निघून गेलं असणार. सायकल नीट पळत होती. काही वेगळं जाणवायचं कारणच नव्हतं. वळण आलं, पोरगी नेहमीसारखी वेगात झुकली आणि टायर पहिल्यांदा कडेवर टेकलं. त्या कडेवर तेल. टायरनं काय धरावं? मागचं चाक काढून बघितलं, त्याचीही तीच गत.

आमच्याकडं दसऱ्याला ही एक रीतच होऊन बसलीय. गाड्या धुवायच्या, हळदीकुंकू लावायचं, माळ घालायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं, आणि हे सगळं झाल्यावर गाडी कशी नवरदेवासारखी दिसली पाहिजे म्हणून टायर तेलानं घासून चमकवायचं. कुणी जळकं ऑइल लावतं, कुणी डिझेल, कुणी खोबरेल. चारचाकीला बाजूनं लावलं तर ती मिरवते, बिघडत काही नाही. पण सायकलचं टायर आहे केवढं? बाजू कुठं संपते आणि रस्ता धरणारा भाग कुठं सुरू होतो हे फडक्याला काय कळणार?

एक चाक हातात घेऊन मी तशीच घरात शिरले. भाऊ चहा पीत होता.

"टायरला तेल कुणी लावलं?"

त्यानं वर बघितलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच्या तोंडावर अभिमान होता. "मीच लावलं की. दरसाल स्कूटीला लावतो, कारला लावतो. यंदा म्हणलं हिच्या पण सायकलीला लावू. लई वेळ घासलं. तारा पण पुसल्या. चमकून राह्यलं होतं का न्हाई?"

"चमकून?" माझा आवाज गल्लीत ऐकू गेला असणार. "अरे, टायर चमकवायला असतं का? ते काय देव्हाऱ्यातली समई हाय? रस्ता धरायला असतं ते! अक्कल काय कचेरीत ठेवून येतोस का रोज?"

"तेलानं काय होतंय, ताई? माझी स्कूटी कधी पडली का?"

मी चाक फरशीवर उभं धरलं, मधल्या भागावर दाबलं आणि बाजूला ढकललं. चर्रर्र आवाज करत ते जागेवर अडलं. मंग तसंच तिरकं केलं, कडेवर दाबलं आणि ढकललं. सुळकन फरशीभर गेलं आणि भिंतीवर आपटलं. फरशीवर तेलाचा काळा ओरखडा उमटला.

"हे झालं राजूरच्या वळणावर," मी म्हणलं. "टायरनं न्हाई पाडलं तुझ्या पोरीला. तू पाडलंस."

भावजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. भाऊ पांढराफटक पडला. त्यानं कप खाली ठेवला. खरं तर तिथं मी थांबायला पाहिजे होतं. पण इतके दिवस साचलेलं कुठं थांबतंय! म्हणलं, "सायकल विकायला निघाला होतास ना? वीक. आणि गिऱ्हाईकाला सांग, टायर चांगलं, सायकल चांगली, पोरगी चांगली. फक्त बाप..."

"आत्या."

पोरगी भिंतीला धरून आतून बाहेर आली होती. एक पाय टेकवत नव्हती.

आता माझा मोर्चा तिच्याकडं वळला. "आणि तू गं? तुला मी काय शिकवलं? बाहेर पडायच्या आधी दोन्ही टायर हातानं फिरवून बघायचे. बघितलेस का न्हाई? एवढा खोबऱ्याचा वास! तुला आला न्हाई?"

तिनं भिंत आणखी घट्ट धरली.

"बोल की! वास आला का न्हाई?"

"आल्ता."

"आल्ता? मंग तेल हाय हे कळलं होतं तुला?"

"हो. तेल हाय म्हणून पुसायला फडकं पण घेतलं होतं."

"मंग पुसलं का न्हाई?"

तिनं बापाकडं बघितलं नाही. माझ्या हाताकडं बघत म्हणाली, "पप्पांनी लावलं होतं. आई म्हणली, त्यांनी दुपारभर बसून केलं. आत्या, त्यांनी माझ्या सायकलीला कधी हातच लावला नव्हता. पैल्यांदा लावला. कशी पुसून टाकू?"

भावजयीनं पदर तोंडाला लावला. मला त्या पोरीच्या एक ठेवून द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी तिला पोटाशी धरावंसं वाटलं, आणि ह्यातलं मी काहीच केलं नाही. माहीत होतं हिला! तेल काय करतं हे माहीत असून ही त्या टायरवर बसून गेली. म्हणाली, हळू जाईन म्हणलं होतं वळणावर, पण राजूरपर्यंत इतकी मस्त पळाली की विसरून गेले.

"मेली असतीस म्हंजे!" मी ओरडले. "ट्रक असता मागं, तर?"

"मला काय माहीत," भाऊ पुटपुटला. "मला कुणी सांगितलं असतं तर..."

"तुला कोण सांगणार? तू कधी होतास तिथं?" मी त्याच्याकडं वळले. ह्या वेळी माझा आवाज चढला नाही, पण इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. "एकदा हात लावलास तर पोरगी जिवावर उदार झाली. रोज लावला असतास ना, तर काल तुझ्या तोंडावर 'पप्पा, हे काय येड्यासारखं केलं?' म्हणली असती, आणि दोन मिनटात पुसून टाकलं असतं तिनं."

तो फरशीवरच्या त्या काळ्या ओरखड्याकडं बघत बसला. पोरगी भिंतीला टेकून उभी होती, पाय दुखत असणार, पण आत जात नव्हती. मंग त्यानं मला विचारलं, "ताई, ती चाचणी कधी हाय?"

"मला कशाला विचारतोस?" मी म्हणलं. "ती समोर उभी हाय. तिला विचार."